ताण आला की झाड प्रथिनं बनवणं बंद का करतं? (सोयाबीन, भात, कापूस, सगळ्यांनी लिहा)

मृद्गंध
जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की शेतीच्या ग्रुपवर दरवर्षी एकच मेसेज फिरायला लागतो, "पीक ताणात आहे, अमुक टॉनिक मारा, झाडात प्रोटीन वाढतं आणि ताण निघून जातो". मला हे 'प्रोटीन वाढतं' फार खटकतं. मी याच विषयात काम करते आणि आत्तापर्यंत जे काही समजलंय त्यावरून झाड ताणात बरोब्बर उलटं करतं, प्रथिनं बनवायचं काम आधी थांबवतं, आणि जे झाड नीट थांबवू शकतं तेच वाचतं. म्हणून हा धागा.

सुरुवात आपल्याच पिकापासून करते. १९८१ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात की (Key), लिन आणि चेन या तिघांनी सोयाबीनची छोटी रोपं २८ अंशावरून एकदम ४० अंशावर नेली. रोजची जी शेकडो प्रथिनं बनत होती त्यांचं उत्पादन धाडकन खाली आलं आणि त्याच वेळी एक नवाच संच बनायला लागला, ज्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात (पुढे एचएसपी लिहिते). परत २८ वर आणलं की काही तासांत जुनं काम सुरू. म्हणजे यंत्रणा मोडलेली नव्हती, रोपानेच निवड केली होती.

आता थांबवायचं कशासाठी? कारण प्रथिन बनवणं प्रचंड महाग काम आहे. साखळीत एक अमिनो आम्ल जोडायचं तर साधारण ४ एटीपी (एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन) इतकी ऊर्जा जाते. पानातलं सगळ्यात मुबलक प्रथिन रुबिस्को, त्याचा नुसता मोठा तुकडा साधारण ४७५ अमिनो आम्लांचा, म्हणजे एका तुकड्यामागे १९०० च्या आसपास एटीपी गेले, आणि असे असंख्य तुकडे रोज लागतात. त्यात उन्हाने पेशीतली आहेत ती प्रथिनंच उलगडायला लागली, एकमेकांना चिकटायला लागली, तर अशा वेळी नवीन अर्धवट घडी पडलेली प्रथिनं आणखी ओतणं हा शुद्ध धोका. म्हणून आधी ओघ कमी करायचा आणि फक्त एचएसपीसारखी, दुसऱ्या प्रथिनांना सांभाळून धरणारी, तेवढी बनवायची.

ज्यांना बायोलॉजी सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी दोन ओळी: जीनची कॉपी म्हणजे एमआरएनए, ती वाचून प्रथिन बनवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. एका एमआरएनएवर एकाच वेळी बरेच रायबोसोम ओळीने चालत असतात, त्या माळेला पॉलिसोम म्हणतात. ताण आला की माळा सुटतात आणि रायबोसोम सुटे पडतात. लॅबमध्ये हे साखरेच्या द्रावणात फिरवून अगदी स्पष्ट दिसतं, आलेखात वजनदार माळांचे उंचवटे खाली बसतात आणि एकेकट्या रायबोसोमचा उंचवटा वर जातो.

काळीमाती
ताई चांगला विषय काढलात. परभणी जिल्ह्यात सोयाबीन आहे माझं. तुम्ही सांगायलात ते मला असं समजलं की लाईट गेली न् घर इन्व्हर्टरवर आलं की मोटर, गिरणी बंद करून दिवा तेवढा चालू ठेवायचा तसं. बरोबर का?
पण मग एक विचारायचंय. पेरल्यावर ज्या रोपांनी आधी थोडं ऊन खाल्लेलं असतं ती नंतरच्या कडक उन्हात टिकतात आणि ढगाळ दिवसांत उगवलेली एकदम ऊन पडलं की मान टाकतात, हे आम्ही नेहमी बघतो. याचा काही संबंध आहे का?

मृद्गंध
दादा, बरोबर समजलात, आणि तुमचा प्रश्न तर त्या लोकांच्या पुढच्या प्रयोगाचाच आहे. १९८४ मध्ये त्याच गटाने दाखवलं की सोयाबीनची रोपं सरळ ४५ अंशावर दोन तास ठेवली तर मरतात. पण आधी ४० अंशावर दोन तास ठेवून मग ४५ वर नेली तर जगतात. किंवा ४५ चा फक्त १० मिनिटांचा झटका देऊन परत २८ वर दोन तास विसावा दिला तरीही नंतरचे ४५ अंश सोसतात. त्या मधल्या वेळात एचएसपी बनून तयार असतात. म्हणजे झटक्यानंतर विसावा लागतोच, कारण प्रथिनं बनवायला वेळ लागतो. ढगाळ आठवड्यानंतर अचानक ऊन पडतं तेव्हा रोपाला ती संधीच मिळत नाही. (शेतात मान टाकण्यामागे मुळांची खोली आणि पाणीपण असतं, सगळं श्रेय एचएसपीला देऊ नका.)

प्राण्यांच्या मानाने वनस्पतींमध्ये लहान आकाराच्या एचएसपी फारच जास्त आणि फार प्रकारच्या असतात. मला यात नवल वाटत नाही, उठून सावलीत जायची सोय नसलेल्या जिवाला हे लागणारच.

उत्तरायण
मी नेदरलँड्समध्ये प्लँट बायोलॉजीत आहे. लेख आवडला पण एका गोष्टीवर असहमत. तुम्ही सगळं वजन रायबोसोमवर टाकताय. एचएसपीचे एमआरएनए आधीपासून पेशीत पडून नसतात, उष्णता लागली की हीट शॉक फॅक्टर जागे होतात आणि ते जीन चालू करून नव्याने भरमसाट कॉप्या काढतात. म्हणजे मुळात निर्णय ट्रान्सक्रिप्शनला, जीनची कॉपी काढतानाच, होतो. रायबोसोम समोर जे येईल ते वाचतो, नव्या कॉप्या जास्त म्हणून नवी प्रथिनं जास्त. उगाच ट्रान्सलेशनला (कॉपी वाचून प्रथिन बनवण्याला) हिरो करायची गरज आहे का?

मृद्गंध
उत्तरायण, हीट शॉक फॅक्टरचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण "समोर येईल ते वाचतो" हे मान्य नाही. उष्णतेत जुन्या एमआरएनए सगळ्या नष्ट होत नाहीत, काही तुटतात, पण बऱ्याच शाबूत असतात आणि तरीही वाचल्या जात नाहीत. हा फरक फक्त कॉप्या मोजून कळत नाही.

ऑक्सिजन कमी पडतो तेव्हाचं उदाहरण जास्त स्वच्छ आहे. १९८० मध्ये सॅक्स, फ्रीलिंग आणि ओकिमोतो यांनी मक्याच्या मुळांचा ऑक्सिजन तोडला तर काही तासांत सगळी मेहनत जेमतेम २० प्रथिनांवर येऊन ठेपली, एकूण निर्मितीच्या ७० टक्क्यांहून जास्त तीच. त्यात अल्कोहोल डीहायड्रोजिनेज आहे, जे नसेल तर बिनऑक्सिजनची ऊर्जानिर्मितीच अडते. आणि ऊर्जेचा हिशोब बघा, ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमधून ३० च्या आसपास एटीपी, नसताना २. एवढ्या तंगीत कोण रुबिस्को बनवत बसेल.

पुढे कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला ज्युलिया बेली-सेरेस यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसमध्ये (मोहरीच्या कुळातलं, लॅबमध्ये प्रयोगाला वापरतात ते छोटं रोप) रायबोसोमलाच एक खूण चिकटवली आणि ऑक्सिजन कमी करून फक्त रायबोसोमवर चढलेल्या एमआरएनए बाहेर ओढून काढल्या. पेशीत एकूण किती कॉप्या आहेत आणि वाचल्या किती जातायत या दोन याद्या जुळतच नाहीत. खूपशा घरकामाच्या एमआरएनए, त्यात रायबोसोमची स्वतःची प्रथिनं बनवणाऱ्यासुद्धा, यूबीपी१सी नावाच्या प्रथिनासोबत बाजूला धरून ठेवलेल्या असतात. ऑक्सिजन परत दिला की तासाभरात त्या पुन्हा रायबोसोमवर. नव्याने कॉप्या काढत बसले असते तर वेळ आणि ऊर्जा दोन्ही गेली असती. म्हणून मला रायबोसोमची पातळी महत्त्वाची वाटते, वेग तिथे आहे.

उत्तरायण
परत येण्याच्या वेगाचा मुद्दा पटला. ताण सुरू होतानाच्या बाबतीत मी अजूनही ट्रान्सक्रिप्शनच्या बाजूला आहे :) पण हे लिहायलाच हवं की नुसत्या ट्रान्सक्रिप्टोम डेटावरून, म्हणजे एमआरएनए मोजून, "हे प्रथिन वाढलं" असं म्हणणारे पेपर खूप आहेत आणि ते चूक आहे, तिथे आपलं एकमत.

बाजूला ठेवण्यावरून आठवलं, हे पहिल्यांदा टोमॅटोत दिसलं. १९८० च्या दशकात पूर्व जर्मनीत हाले शहरात लुट्झ नोव्हर यांच्या गटाला उष्णता दिलेल्या टोमॅटोच्या पेशींमध्ये दाट कण दिसले, हीट शॉक ग्रॅन्युल, आणि १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की त्यात एमआरएनए आहेत. आज कॅन्सरवाले, मेंदूच्या आजारांवर काम करणारे सगळे 'स्ट्रेस ग्रॅन्युल' बोलतात, त्याचं मूळ टोमॅटोत आहे हे फार कमी जणांना माहीत असतं.

मृद्गंध
हे लिहिलंत ते फार छान केलंत, मी विसरणारच होते. त्याला जोडून: एचएसपी १०१ नावाचं एक प्रथिन आहे, चिकटलेल्या प्रथिनांचे गोळे सोडवणारं. ते नसलेली अरॅबिडॉप्सिसची झाडं आधी हलकं ऊन देऊनसुद्धा कडक उष्णतेत मरतात. आणि २०१७ मध्ये फ्रेंच गटाने दाखवलं की ते नसेल तर रायबोसोमच्या प्रथिनांच्या साठवलेल्या एमआरएनए उष्णता संपल्यावरही नीट सुटत नाहीत. म्हणजे झाड ताणातून निघतं पण कामाला लागत नाही.

खाचर
आमच्या कोकणात ताण म्हणजे पाणी कमी नाही, पाणी जास्त. नदीकाठची शेतं आठ-आठ दिवस बुडतात. भात तर पाण्यातलंच पीक मग पूर्ण बुडालं की का सडतं? आणि बुडीत टिकणारी जात म्हणतात ती हीच का?

मृद्गंध
भाताची मुळं पाण्यात चालतात कारण खोडात हवेच्या पोकळ्या असतात आणि पानं वर हवेत असतात. पूर्ण बुडालं की तो मार्ग बंद. मग बहुतेक जाती एक धडपड करतात, पाण्याच्या वर डोकं काढायला भराभर उंच वाढतात. पूर लवकर ओसरला नाही तर साठवलेली साखर-स्टार्च त्या वाढीत संपते आणि पाणी उतरल्यावर रोप आडवं होतं.

ओडिशातली एफआर१३ए नावाची जुनी जात मात्र वाढ रोखून बसते. त्यामागचा सब१ए जीन २००६ मध्ये सापडला, त्यात बेली-सेरेस होत्याच, शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पामेला रोनाल्ड आणि फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे डेव्हिड मॅकिलही होते. तो जीन संकराने स्वर्णा जातीत आणला आणि स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाली, साधारण दोन आठवडे बुडून राहिली तरी उठते. काटेकोर बोलायचं तर सब१ए हा जीन चालू-बंद करणारा घटक आहे, थेट रायबोसोमवर काम करत नाही (उत्तरायण यांना एक गुण!). पण खर्च रोखून धरायचा हे धोरण तेच. तुमच्याकडच्या जातींबद्दल मात्र जवळच्या कृषी संशोधन केंद्रात विचारा, स्वर्णा उशिरा येणारी जात आहे, सगळ्या खाचरांना चालेलच असं नाही.

पांढरंसोनं
यवतमाळहून सांगून ऱ्हायलो. शेजारच्या वावरात ग्लायफोसेट मारलं न् वाऱ्याने माह्या कपाशीवर आलं, झाडं जळली नाहीत पण वाढच थांबली, शेंडे पिवळे पडून तसेच उभे. हे बी प्रोटीनचंच काय? काहून थांबते मग?

मृद्गंध
हो भाऊ, हे अगदी थेट प्रोटीनचं आहे. ग्लायफोसेट झाडाचं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे फिनाइलअॅलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं बनत नाहीत. २० पैकी ३ संपली की त्यांची वाहतूक करणारे टीआरएनए रिकामे हिंडायला लागतात. रिकामा टीआरएनए जीसीएन२ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, ते जागं होतं आणि ईआयएफ२ या घटकावर फॉस्फेटची खूण मारतं, की त्याचं काम अडतं. ईआयएफ२ शिवाय रायबोसोमला सुरुवातच करता येत नाही. अरॅबिडॉप्सिसवर ग्लायफोसेट टाकून हे बघितलेलं आहे. कोवळ्या शेंड्यात नवीन प्रथिनांची गरज सगळ्यात जास्त, म्हणून लक्षण तिथे आधी दिसतं.

आपल्या पेशींमध्ये ईआयएफ२ वर खूण मारणारी अशी चार प्रथिनं आहेत, वनस्पतींमध्ये जीसीएन२ हे एकच माहीत आहे. ते अमिनो आम्लांच्या तुटवड्याला, अतिनील किरणांना, थंडीला, जखमेलासुद्धा जागं होतं. तरीसुद्धा वनस्पतीतला सगळाच थांबा त्याच्यामुळे येत नाही. उष्णतेत आणि ऑक्सिजनच्या तुटवड्यात दुसऱ्या वाटा आहेत. एक मोठी वाट टॉर नावाच्या प्रथिनाची: उजेड आणि साखर भरपूर असेल तर टॉर चालू आणि प्रथिननिर्मिती जोरात, उपासमार झाली की स्नर्क१ नावाचं प्रथिन टॉरला दाबतं.

अॅग्री_थर्ड_इयर
ताई, आम्हाला लेक्चरमध्ये यूओआरएफ म्हणून एक स्लाइड दाखवून पुढे गेले, कोणाला काही कळलं नाही. जमलं तर सोप्या भाषेत सांगाल का, परीक्षेला पण येतं.

मृद्गंध
नक्की. एमआरएनएमध्ये खऱ्या प्रथिनाचा मजकूर सुरू व्हायच्या आधी एक प्रस्तावनेचा भाग असतो. काही एमआरएनएच्या प्रस्तावनेत एक छोटासा खोटा मजकूर असतो, तो यूओआरएफ. रायबोसोम डावीकडून येतो, खोट्या मजकुरात अडकतो, बहुतेक वेळा तिथेच सुटून जातो आणि खरं प्रथिन बनतच नाही. म्हणजे कॉपी तयार आहे पण कुलूप लावलेलं आहे. ताण आला, ईआयएफ२ वर खूण पडली की रायबोसोमचं वागणं बदलतं आणि काही एमआरएनएची अशी कुलपं उघडतात. म्हणून सगळं बंद होत असताना मोजकी प्रथिनं मात्र वाढतात.

दोन उदाहरणं लक्षात ठेव. बीझिप११ नावाच्या जीनच्या एमआरएनएच्या प्रस्तावनेतलं यूओआरएफ साखर ओळखतं, साखर वाढली की रायबोसोम तिथेच रोखला जातो, हे नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचं काम. दुसरं टीबीएफ१ हा रोगप्रतिकाराशी संबंधित जीन, ड्यूक विद्यापीठात शिन्नियान डाँग यांचं. रोगाशी लढणारी प्रथिनं कायम चालू ठेवली तर झाड खुरटतं, हा ब्रीडिंगमधला जुनाच त्रास. २०१७ मध्ये त्यांनी टीबीएफ१ चं कुलूप काढून भातात रोगप्रतिकाराच्या एका जीनपुढे बसवलं. रोग आला की उघडतं, नाहीतर बंद. करपा आणि जिवाणूजन्य पानकरपा दोन्हींना प्रतिकार वाढला आणि वाढीवर दिसण्यासारखा परिणाम झाला नाही. मला हे या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं, कारण प्रथिन तेच आहे, फक्त वेळ बदलली.

अॅग्री_थर्ड_इयर
आता कळलं!! खूप खूप धन्यवाद ताई.

सडा_फुलं
साताऱ्याकडून. कासच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळावर, पावसाळ्यात हिरवीगार आणि उन्हाळ्यात पार कोळसा झालेली गवतं असतात, ट्रायपोगॉन वगैरे, पहिल्या पावसाला त्याच वाळक्या पानांतून हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सह्याद्रीतल्या अशा ६२ प्रजातींची यादी केली, आधी ९ च माहीत होत्या. या वाळक्या पानात प्रथिनांचं काय होत असेल? सगळं परत पहिल्यापासून?

मृद्गंध
किती चांगला प्रश्न. ट्रायपोगॉनवरचं रायबोसोमचं काम माझ्या वाचनात नाही म्हणून त्याबद्दल बोलत नाही, पण वाळून परत उठणाऱ्या टॉर्ट्युला नावाच्या शेवाळावर १९७० च्या दशकापासून कॅनडात डेरेक ब्यूली यांनी काम केलं. वाळलेल्या शेवाळाला पाणी दिलं की काही मिनिटांत प्रथिनं बनायला लागतात, कारण रायबोसोम आणि एमआरएनए दोन्ही कोरड्या अवस्थेत जपून ठेवलेले असतात.

आणि हे फक्त सड्यावरच्या झाडांचं वैशिष्ट्य नाही, प्रत्येक बी हेच करतं. १९६५ मध्ये ड्यूर आणि वॉटर्स यांनी सरकीवर (पांढरंसोनं भाऊ, तुमची सरकी!) दाखवलं की नव्या एमआरएनए बनणं औषधाने अडवलं तरी अंकुरणाऱ्या बियात प्रथिननिर्मिती चालू राहते. कॉप्या आईच्या झाडावर असतानाच भरून ठेवलेल्या होत्या. प्रथिन बनवणंच अडवलं तर मात्र बी रुजत नाही.

काळीमाती
ताई वाचता वाचता रात्र झाली. आता मूळ मुद्द्याला या, टॉनिक मारावं का नाही?

मृद्गंध
माझं स्पष्ट मत. दुष्काळी ताणात पानातली सुटी अमिनो आम्लं वाढतात, प्रोलिन तर कितीतरी पटीने, म्हणजे कच्चा माल अडलेला नाही. अडलंय ते पाणी, ऊर्जा, आणि झाडाचा स्वतःचा निर्णय. त्यामुळे 'अमिनो आम्ल मारा, प्रोटीन वाढेल' या तर्काला आधार नाही. पावसाच्या खंडात पोटॅशियम नायट्रेटची फवारणी सुचवतात त्यामागचं कारण वेगळं आहे, पोटॅशियमचा संबंध पर्णरंध्रांशी आणि पेशीतल्या पाण्याशी. पैसे कुठे घालायचे विचाराल तर ताण सुटतो त्या दिवसांकडे लक्ष द्या. कोळपणी करून ओल धरा, साचलेलं पाणी चर काढून लगेच बाहेर काढा, कारण मुळांना हवा मिळाली की थांबलेलं काम झाड स्वतः तासांत सुरू करतं, आणि पाणी तसंच राहिलं तर वरून काहीही मारून ते सुरू होणार नाही.

काळीमाती
पटलं. मग ते बियातलं जे सांगितलंत, भरून ठेवलेल्या कॉप्या, तर बी भिजवून पेरलं की ते काम आधीच सुरू होईल ना? आमच्याकडं हरभरा भिजवून पेरतात काही जण.

मृद्गंध
हो, हरभऱ्याला आठ तासांच्या आसपास भिजवून, वरचं पाणी सुकवून, त्याच दिवशी पेरलं तर उगवण लवकर आणि सारखी येते, त्यात साठवलेल्या एमआरएनएचा वाटा आहे. मात्र सोयाबीनला करू नका. त्याचं टरफल पातळ असतं, पाणी फार झपाट्याने आत घुसतं आणि पेशींची आवरणं फाटतात, उगवण उलट कमी होते.

काळीमाती
बरं झालं विचारलं, यंदा सोयाबीनच भिजवणार होतो. हरभऱ्याचं रब्बीत एक पट्टा भिजवून, एक कोरडा, असं करून इथंच सांगतो.